वर न्यायची गाडी

मोटरसायकलची ताकद वाढवणारं परफॉर्मन्स किट बसवून घ्यायला येणारं गिऱ्हाईक मी लांबूनच ओळखायचे. वय पंचवीस-तीस, अंगात जाडजूड रायडिंग जॅकेट, मोबाईलमध्ये बर्फाच्या डोंगरांचे फोटो, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, टॉप स्पीड कितना बढेगा?"

काकांनी तो प्रश्न कधीच विचारला नाही. पहिल्यांदा आले तेव्हा ते काउंटरसमोर उभे राहिले, मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाले, "बावन्न. बरोबर?"

मला काही कळेना. त्यांच्या मागे एक ठेंगणी, चांगली भरदार बाई उभी होती. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. ती म्हणाली, "वजन सांगतात तुजं. रागावू नको बाय, त्यांना खोड हाय ती."

माझं वजन बावन्नच होतं.

भाईंदरजवळ हाटकेशला एका मोटरसायकल कंपनीच्या डीलरचं वर्कशॉप आहे, तिथे मी सर्व्हिस अॅडव्हायझर होते. गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायचं, ते मेकॅनिकला समजावायचं, आणि मेकॅनिक काय म्हणतो ते गोड शब्दांत गिऱ्हाइकाला सांगायचं, एवढंच माझं काम. काका तिथल्याच खारी गावचे. त्यांच्या घरची मिठागरं होती. मिठाच्या गोणी काट्यावर चढायच्या तेव्हा तिथे उभं राहणं हे त्यांचं तरुणपणीचं काम. वीस वर्षं ते करून त्यांची नजरच काटा झाली होती. पुढे मिठागरं गेली, जमिनीवर बिल्डिंगा आल्या, काकांना वाट्याला चार फ्लॅट आले. दोन्ही मुलींची लग्नं करून दिली आणि साठीला टेकल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. उंच काच, दोन्ही बाजूंना पेट्या, लांब सीट. दूरच्या प्रवासाची गाडी.

नजरेतला काटा मात्र गेला नव्हता. वर्कशॉपमध्ये शिरलं की ते एकेकाला तोलत यायचे. आमचा हेड मेकॅनिक, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, मुद्दाम समोर उभा राहायचा.

"काका, आज मेरा कितना?"

"त्र्याऐंशी. दो किलो बढा. शादी में गया था क्या?"

तो खरंच पुतणीच्या लग्नाला गावी जाऊन आला होता.

अशा माणसाला परफॉर्मन्स किट कशाला हवं, हा प्रश्न आम्हाला पडला. कारण काका पंचेचाळीसच्या वर कधी गाडी नेत नसत. त्यांना मागे टाकून डिलिव्हरीवाल्यांच्या स्कूटर जायच्या. एकदा म्हणे गोल्डन नेस्टच्या सर्कलपासून एक सायकलवाला त्यांच्याशी गप्पा मारत मारत बरोबरीने आला होता. मी हसत विचारलं, "काका, एवढी पॉवर वाढवून कुठे पळवणार?"

"पळवायची न्हाय, पोरी," ते म्हणाले. "मला वर न्यायची हाय."

मग दोघांनी मिळून तो किस्सा सांगितला. एक जण थांबला की दुसरा सुरू.

काकींचा सगळा जन्म सपाटीवर गेलेला. माहेर उत्तनच्या बाजूला, सासर खारी. मिठागर, खाडी, भातखाचरं, सगळं एका पातळीत. आमच्या मुलखात चढ म्हणजे रेल्वेवरून जाणारा उड्डाणपूल, तेवढाच. काकींना उंचावरून खाली बघायचं होतं. काका म्हणाले, आपल्या फ्लॅटच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जा की. त्या गेल्या, तर गच्चीवरून दुसरी बिल्डिंग दिसली. म्हणून एका रविवारी काकांनी त्यांना माळशेजला न्यायचं ठरवलं. निघताना पेट्यांत स्टोव्ह, पातेलं, दोन घडीच्या खुर्च्या, पाच लिटरचा पाण्याचा कॅन, सुकटीची चटणी आणि भाकऱ्या.

"एकानव मी, अठ्ठ्याहत्तर ती, सामान पेट्या धरून एकेचालीस," काका म्हणाले. "इंजिनाचा काय दोष न्हाय."

घाटात एका वळणावर रस्त्याचं काम चाललं होतं. पुढे ट्रक थांबला, काकांना उभ्या चढावर गाडी थांबवावी लागली. पुन्हा निघताना गाडी हलेना. क्लचचा वास सुटला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घसरायला लागली. काकी खाली उतरल्या. काकांनी एकट्याने गाडी कशीबशी वर नेली आणि काकी हेल्मेट घालून, पदर खोचून, तो चढ चालत चढल्या. मागच्या जीपमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"मी पन वाजवल्या," काकी म्हणाल्या. "मला मज्जा वाटली."

काका हसले नाहीत. "बायकोला मागं बसवून न्यायची आनि चढावर उतरवायची. ह्याला काय अर्थ हाय?" घाटमाथा न बघताच त्यांनी गाडी वळवली होती. काकींनी किती सांगितलं, आता आलोच आहोत तर बघू, ऐकलं नाही. नीट बसवून वर नेईन तेव्हाच बघायचं.

आमच्याकडचं किट त्यांनी कुठल्याशा पत्रकात पाहिलं होतं. मोठा सिलिंडर, मोठा पिस्टन, नवा कॅमशाफ्ट, क्लचच्या कडक स्प्रिंगा, आणि ह्या सगळ्याला जमेल असं इंजिनाच्या कॉम्प्युटरचं नवं सेटिंग. कंपनीचंच असल्यामुळे डीलरने बसवलं तर वॉरंटी राहते. बाहेरचा मेकॅनिक ह्याच्या अर्ध्यात काहीतरी करून देईल, असं त्यांना चारचौघांनी सांगितलं होतं. काकांना ते पटण्यासारखं नव्हतं. ते पुस्तकाने चालणारे होते.

हे पुस्तक म्हणजे गाडीबरोबर मिळतं ते माहितीपुस्तक. आमची निम्मी गिऱ्हाइकं त्याचं प्लास्टिकसुद्धा फाडत नाहीत. काका ते रोज सकाळी चहानंतर काकींना वाचून दाखवायचे, हिंदीतून आपल्या खारीच्या बोलीत करून. काकींना लिहायला-वाचायला येत नव्हतं, पण ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं. एकदा आमच्या एका नव्या मेकॅनिकने मागच्या चाकात हवा भरली, तर बाजूला उभ्या काकी म्हणाल्या, "दोघं बसनार असतील तर ज्यास्त लागते. वरती आकडा लिवलाय बग, चेनच्या झाकनावर." त्याने वाकून बघितलं. लिहिलेला होता.

मी किटची ऑर्डर टाकली आणि म्हणाले, "तीन आठवडे लागतील, काका."

तीन आठवड्यांचे साडेचार महिने झाले. माल बाहेरून येत होता, कधी बंदरात अडकला म्हणायचे, कधी पुढच्या लॉटमध्ये आहे म्हणायचे. मला वरून जे सांगितलं जायचं ते मी काकांना सांगायचे. ते फोन करत नसत, दर मंगळवारी स्वतः यायचे. आधी दोघं यायची. मग काका एकटेच यायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, तिला खाल्लेलं पचत नाही.

एका मंगळवारी ते काउंटरशी आले आणि म्हणाले, "एकाहत्तर."

"कोण काका?"

"ती. दिवालीच्या आधी अठ्ठ्याहत्तर व्हती. ती हलकी व्हायला लागली, पोरी. कंपनीला सांग, लवकर करा."

मी कुणाला तरी ईमेल लिहीत होते. वर न बघताच म्हणाले, "बरंच आहे की काका. गाडीला तेवढं सोपं. मग किट लागणारच नाही तुम्हाला."

काकांनी काउंटरवरचं हेल्मेट उचललं. मग म्हणाले, "हां. ते बी खरं." आणि हसले. माझ्या विनोदाला हसायला हवं म्हणून हसले. मला त्या वेळी काहीच कळलं नाही. ते बाहेर गेले, हेल्मेट घातलं, इंडिकेटर देऊन नेहमीसारखे हळू निघून गेले.

किट आलं तेव्हा मी आनंदाने फोन लावला. उचलला त्यांच्या थोरल्या मुलीने. ती पनवेलला दिलेली, पण आता महिनाभर खारीतच होती. तिने सांगितलं की आईच्या पोटात गाठ आहे, ती पसरली आहे, डॉक्टरांनी आता घरी न्यायला सांगितलं आहे. "बाबांना गाडीबद्दल नका सांगू इतक्यात," ती म्हणाली.

मी त्या दिवशी जेवले नाही. एकाहत्तर हा आकडा डोक्यातून जाईना. घरात दोन मुली, जावई, शेजारीपाजारी, एवढ्यांतून कुणाच्या लक्षात यायच्या आधी ते काकांना दिसलं होतं. ते येऊन त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी ईमेल लिहीत होते.

दोन दिवसांनी काका आपण होऊनच आले. किटचं खोकं माझ्या मागेच होतं, ते त्यांना दिसलं. मी म्हणाले, "काका, ऑर्डर रद्द करता येईल. मी बोलते साहेबांशी."

"का?"

मी ऑर्डरचा कागद उलटसुलट केला.

"बसव," ते म्हणाले.

उस्तादने ते काम दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही. इंजिन उघडलं, जुना सिलिंडर काढला, नवा बसवला. दोन दिवस त्याने दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. गाडी सुरू केली तेव्हा आवाजच वेगळा होता, खोल आणि भरलेला. काका गाडी न्यायला आले, तेव्हा उस्तादने विचारलं, "काका, मेरा कितना?" त्यांना जरा बरं वाटावं म्हणून.

काकांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. "पता नहीं," म्हणाले.

किटबरोबर एक जास्तीचं पान येतं, माहितीपुस्तकात लावायचं. ते द्यायचं माझ्याकडून राहिलं. म्हणून आठवड्याने आधी फोन करून मी ते घेऊन खारीला गेले. गावाच्या चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत, मधल्या गल्लीत काकांचं बैठं घर. ओटीवर खाट टाकलेली. काकी त्यावर उशीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना ओळखलं ते फक्त आवाजावरून.

"ये बाय. पान आनलंस? ते आले का वाचतील."

काका घरात नव्हते. तेवढ्यात गाडी अंगणात शिरली. मुलीने मला हळूच सांगितलं, आठवडाभर हेच चाललं होतं. नवं इंजिन पाचशे किलोमीटर हलक्या हाताने चालवावं लागतं, त्याआधी ताण द्यायचा नसतो, हे उस्तादने त्यांना सांगितलं होतं. म्हणून काका सकाळ-संध्याकाळ नुसते फिरत होते. खारीतून निघायचं, भाईंदर, उत्तन, पालीची जेट्टी, परत. मग काशीमिरा, परत. मध्ये घरी येऊन काकींना दोन चमचे पेज भरवायची आणि पुन्हा निघायचं. "लोक मला विचारतात, बाबांना झालंय काय," ती म्हणाली.

काका ओटीवर आले, चष्मा लावला, आणि ते पान वाचायला लागले. तेल, चेन, क्लच. पाचव्या की सहाव्या ओळीशी ते थांबले.

"वाचा की," काकी म्हणाल्या.

"पयले पाचशे किलोमीटर..." काकांनी ओळीवर बोट ठेवलं, "जड वजन घेऊन चढावर नेऊ नये."

"किती झाले?"

"दोनशे ऐंशी."

काकींनी उशीवरून पाठ सरळ केली. मग मला म्हणाल्या, "बाय, पुस्तकात जड वजनच लिवलंय ना? मानूस न्यायचा न्हाय असं तर न्हाय लिवलं?"

"नाही, तसं नाही लिहिलं," मी म्हणाले.

"मंग ओ, माझ्याकडं बगा," त्या काकांना म्हणाल्या. "बगा आनि सांगा. मी जड हाय का?"

काका पानाकडेच बघत होते. मुलगी म्हणाली, "आई, पुरे ना." काकींनी तिला हाताने गप्प केलं.

"बगा. मला खरा आकडा पायजे. उगा वाढवून न्हाय सांगायचं."

काकांनी चष्मा काढला. मान वर केली. आयुष्यभर कुणाकडेही एक नजर टाकून आकडा सांगणारा तो माणूस किती तरी वेळ नुसता बघत राहिला.

"एकेचालीस," ते म्हणाले.

"झालं तर," काकी म्हणाल्या. "गेल्या टायमाला सामान तेवढं व्हतं. म्हंजे नुसतं सामान न्यायचंय. चला रविवारी."

मुलीने पुष्कळ विरोध केला. भांडली, रडली. शेवटी असं ठरलं की घाटाच्या पायथ्यापर्यंत काकींनी तिच्या गाडीतून यायचं, आणि फक्त चढ तेवढा मोटरसायकलवर. मी म्हणाले, मी पण येते. कुणी मला बोलावलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हणालं नाही.

रविवारी पहाटेच निघालो. पायथ्याशी मुलीने गाडी बाजूला घेतली. काकींना शाल गुंडाळली, हेल्मेट घातलं. ते इतकं सैल झालं होतं की आत रुमाल कोंबावा लागला. काकांनी त्यांना उचलून सीटवर बसवलं आणि जुन्या नऊवारीच्या पट्ट्याने आपल्या कमरेशी बांधून घेतलं. पेट्या रिकाम्या होत्या.

मोटरसायकल पुढे, आम्ही दोघी मागे. मी खिडकीची काच खाली करून इंजिनाचा आवाज ऐकत होते. कामाची सवय. चढ लागला, वळणं सुरू झाली. ते वळणही आलं. रस्ता आता नीट झाला होता, तरी काकांनी तिथे मुद्दाम गाडी थांबवली. अगदी त्याच जागी. मुलीने कचकन ब्रेक लावला. दोन क्षण ते दोघं त्या उभ्या चढावर तसेच थांबले. मग गाडी निघाली. इंजिनाचा सूर तसूभरही बदलला नाही. गाडी अशी वर गेली जशी खारीच्या रस्त्यावरून जाते.

माथ्यावर कठड्याशी काकींना मुलीच्या गाडीतून आणलेल्या घडीच्या खुर्चीत बसवलं. ऊन कोवळं होतं. खाली सगळं कोकण पसरलेलं, शेतांचे तुकडे, बारीक रस्ते, पार टोकाला धुकं. काकी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "खारी कंच्या अंगाला?"

"ती तिकडं," काकांनी धुक्यात बोट दाखवलं. खारी तिथून दिसायची काही शक्यता नव्हती.

"मिठागरं?"

"त्याच्या म्होरं."

"हां," काकी म्हणाल्या. मग जरा वेळाने, "मी मागं बसलेले कललं का तुमाला?"

"कललं तर! लय जड लागलीस. परत क्लच जलतो का काय, असं वाटलं मला."

काकी खूष झाल्या. त्यांनी काकांच्या पाठीवर एक चापट मारली.

थोड्या वेळाने काका तेल बघायचं निमित्त करून मला गाडीपाशी घेऊन गेले. वाकून इंजिनावरच्या तेलाच्या काचेत बघत राहिले. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"गाडीला कललंच न्हाय, पोरी. घाटात मी तीनदा मागं हात लावून बगितला. हाय का, म्हनून."

मी म्हणाले, "काका, मी त्या दिवशी जे बोलले..."

"तू काय बोललीस?" त्यांनी खरंच न आठवल्यासारखं विचारलं. मग म्हणाले, "चल, तिला गारठा लागंल."

काकी त्यानंतर सतरा दिवस होत्या.

उस्ताद आणि मी खारीला जाऊन आलो. बायकांची गर्दी होती. काका कोपऱ्यात बसले होते, आम्हाला बघून त्यांनी हात जोडले. उस्ताद गर्दीतून त्यांच्यापर्यंत गेला. त्याने खाली बसून काकांचे पाय धरले, तेवढंच.

दीड महिन्याने काका वर्कशॉपमध्ये आले. नव्या इंजिनाची पहिली सर्व्हिसिंग होती. गाडी स्वच्छ धुतलेली. मी जॉबकार्ड भरायला घेतलं. किलोमीटर लिहिले, पेट्रोल किती आहे ते लिहिलं. मग सगळ्यांना विचारते तसं तोंडातून निघून गेलं, "काही तक्रार, काका?"

काकांनी विचार केला. "तक्रार अशी न्हाय," म्हणाले. "बरी चालते."

मी तक्रारीचा रकाना रिकामा ठेवला. त्यांनी सही केली. एरवी ते गाडी ठेवून रिक्षाने जेवायला घरी जात. घरी वाट बघणारं माणूस होतं. आज ते निघाले नाहीत. "मी हितं बसू का?" त्यांनी विचारलं. मी बाकावरची हेल्मेटं उचलून जागा केली.

तेल बदलणं, नटबोल्ट आवळणं, सगळं मिळून दीड तासाचं काम. साडेअकराला गाडी तयार होती. उस्तादने मला लांबून अंगठा दाखवला. मी त्याला मानेने नको म्हणाले. त्याने बाकावर बसलेल्या काकांकडे बघितलं, पान्हा पुन्हा हातात घेतला आणि गाडीशेजारी उकिडवा बसला. दुपारी त्याने आपल्या डब्यातली अर्धी पोळी-भाजी काकांना दिली. काकांनी ती खाल्ली. मधल्या वेळात दुसऱ्या गाड्या आल्या, गेल्या. ही तेवढी रॅम्पवर तशीच राहिली.

सहाला बंद करायची वेळ झाली तेव्हा मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "सॉरी काका, आज फार वेळ लागला."

"लागू दे," ते म्हणाले. किल्ली मुठीत धरून ते तिथेच उभे राहिले. "उद्या काय काम हाय का गाडीचं?"

"आहे ना काका," मी म्हणाले. "चेन बघायची राहिली आहे. सकाळी घेऊन या."

ते गेल्यावर मी बंद केलेलं जॉबकार्ड पुन्हा उघडलं, आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: चेन बघणे.